पाढे पाठ, तरी भागाकार अडतो: घरी करून घेण्याची सविस्तर पद्धत

कळव्याला आमच्या सोसायटीत संध्याकाळी सात-आठ मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसतात. बहुतेक चौथी-पाचवीची. पहिल्या दिवशी त्यांच्या आया जे सांगतात ते जवळपास ठरलेलं असतं: "काकू, पाढे वीसपर्यंत पाठ आहेत हो, पण भागाकार म्हटलं की रडारड." मग मी मुलाला सहज विचारते, "छप्पन्नला आठने भाग बघू." मूल छताकडे बघतं, ओठ हलायला लागतात. आठ एके आठ, आठ दुणे सोळा... चाळीसच्या पुढे गेल्यावर किती बोटं झाली तेच विसरतं आणि दबक्या आवाजात म्हणतं, "सहा?"

या मुलाला पाढा गाण्यासारखा येतो. गाण्याच्या मधल्याच ओळीवरून सुरू कर म्हटलं की आपलीही पंचाईत होते, तसं त्याचं होतं. भागाकाराला मात्र मधलीच ओळ लागते, तीही शेवटच्या शब्दापासून. म्हणून खालच्या पद्धतीत भागाकाराचं वेगळं पाठांतर अजिबात नाही. भागाकार म्हणजे एक आकडा झाकलेला गुणाकार, एवढं एकच मुलाच्या जिभेवर बसवायचं. रोज दहा-बारा मिनिटं दिलीत तर पाच-सहा आठवडे लागतात. टप्प्यांचा क्रम बदलू नका.

## सुरुवातीआधी: साहित्य, भाषा आणि एक छोटी चाचणी

साहित्य घरातलंच आहे. शंभरेक चिंचोके, ते नसतील तर राजमा किंवा बटणं. एक रफ वही, स्केचपेन. आणि जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेचा कागद जाड असतो, मागची बाजू बहुतेक वेळा कोरी असते आणि फेकवत नाहीत म्हणून कपाटात पडलेल्या असतातच. टाइमर लावू नका. घड्याळ दिसलं की अर्धी मुलं उत्तर शोधायचं सोडून घाबरायला लागतात.

मग भाषा ठरवा. ठाण्यात निम्म्या घरांत हा गोंधळ आहे: शाळेत 'सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स', घरी आजीची 'साती आठी छप्पन्न', आणि ट्यूशनमध्ये आणखी तिसराच सूर. दोन्ही चाली उत्तमच, पण आठवण्यासाठी एकच धरा. मुलाला न अडखळता जी येते ती. घरातलं कुणी 'सात पाचा' म्हणतं, कुणी 'सात पंचे', त्यातही दुरुस्ती करत बसू नका. मराठीत पाढे येणाऱ्या मुलाला भागाकार इंग्रजीत विचारला, तर ते आधी भाषांतर करतं, मग पाढा म्हणतं, आणि आपल्याला वाटतं गणित कच्चं आहे.

आता चाचणी. दहा गुणाकार मधूनमधून, क्रम सोडून विचारा: चार साते, सहा आठे, तीन नवे, सात सक, असे. मुलाने पाढा पहिल्यापासून न म्हणता तीन-चार सेकंदांत उत्तर दिलं तरच ते बरोबर धरायचं.

तपासा: दहापैकी सातपेक्षा कमी आले तर भागाकार सुरूच करू नका. आठवडाभर फक्त सुटे गुणाकार विचारा. ही पायरी ओलांडायचा मोह सगळ्यांना होतो, कारण शाळेत पुढच्या सोमवारी चाचणी असते.

## टप्पा १: आधी मांडणी डोळ्यांनी बघायची

चिंचोके रांगेत मांडायला लावा. चार-चारच्या सात रांगा. मोजा: अठ्ठावीस. मग मांडणी न हलवता दोन प्रश्न विचारायचे. "अठ्ठावीस चिंचोके, एका रांगेत चार, तर रांगा किती?" आणि "अठ्ठावीस चिंचोके सात रांगांत सारखे वाटले, तर एका रांगेत किती?" पहिला प्रश्न गट पाडण्याचा, दुसरा वाटणीचा. मुलाला ही नावं सांगायची गरज नाही, पण दोन्ही प्रश्न विचारलेच पाहिजेत. फक्त चॉकलेटं वाटण्याची उदाहरणं दिलेल्या मुलाला 'चार मीटरचे किती तुकडे निघतील' हे भागाकाराचं गणितच वाटत नाही.

आमच्या बिल्डिंगखाली टपालपेट्यांचा एक फळा आहे. सात मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे चार-चारच्या सात रांगा. मी पहिला धडा तिथेच घेते. मागच्या वर्षी एका चौथीतल्या मुलीला उभं केलं आणि म्हटलं, "एकूण अठ्ठावीस आहेत, मोजू नकोस. मजले सात. एका मजल्यावर घरं किती?" ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, चारशे दोनवाल्यांच्या पेटीला झाकणच नाही." मी म्हटलं, असू दे. मग तिने स्वतःच आडवं बोट फिरवलं, चार. उभं फिरवलं, सात. "म्हणजे आडवं विचारलं तर हे, उभं विचारलं तर ते?" हाच तो धडा. माझ्याकडून काही सांगायचं राहिलंच नव्हतं.

अंड्यांचा तीसचा ट्रेही चालतो, त्यात एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला सहा खळगे असतात. अशा पाच-सहा मांडण्या झाल्या की पुरे. चिंचोक्यांत आठवडा घालवू नका, मुलं त्यांचे डोंगर करायला लागतात.

## टप्पा २: झाकलेला आकडा

वहीत लिहा: ४ × ७ = २८. मोठ्या अक्षरात. आता सातवर अंगठा ठेवा आणि विचारा, "चार गुणिले किती म्हणजे अठ्ठावीस?" मुलाने सात म्हटलं की खालच्या ओळीत लिहा: २८ ÷ ४ = ७. मग चारवर अंगठा ठेवा: "किती गुणिले सात म्हणजे अठ्ठावीस?" आणि लिहा: २८ ÷ ७ = ४.

एका बैठकीला अशी चार-पाच वाक्यं. दुसऱ्या दिवसापासून अंगठा मुलाचा, उत्तर आपलं. ते आपल्याला विचारतं तेव्हा गंमत म्हणून एखादं चुकीचं उत्तर द्या. पकडलं, तर समजलंय.

सावधान: लांब भागाकाराच्या मांडणीत भाजक डावीकडे, आधी लिहिलेला असतो. ती मांडणी बघितलेलं मूल २८ ÷ ४ हे 'चार भागिले अठ्ठावीस' असं वाचतं. उत्तर बरोबर आलं तरी वाचन दुरुस्त करा: "अठ्ठावीस भागिले चार. ज्या ढिगाचे भाग करायचे त्याचं नाव आधी." चौथीत हे खपून जातं, पुढे अपूर्णांक आले की महागात पडतं. (मोठा आकडा नेहमी आधी, असा नियम मात्र शिकवू नका, तोही अपूर्णांकात मोडतो.)

## टप्पा ३: वाक्य उलटं करायचं, पाढा नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'उलटा पाढा' म्हटलं की पालक मुलाकडून सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न, एकोणपन्नास अशी उतरती म्हणवून घेतात. ऐकायला भारी वाटतं, भागाकाराला उपयोग शून्य. मूल फक्त नवं गाणं पाठ करतं. आपल्याला पाढा उलटा करायचा नाही, पाढ्यातलं एकेक वाक्य उलटं करायचं आहे.

'साती आठी छप्पन्न' या वाक्यात छप्पन्न शेवटी येतं. भागाकारात ते आधी येतं. म्हणून संवाद असा बसवा:

"छप्पन्न म्हणजे?" "साती आठी."
"छप्पन्नात सात किती वेळा?" "आठ."
"छप्पन्नात आठ किती वेळा?" "सात."

तीन प्रश्न, तीन उत्तरं, पुढचा आकडा. पहिला प्रश्न गाळू नका. सगळी मदार त्याच्यावर आहे: छप्पन्न ऐकलं की सात आणि आठ ही जोडी आपोआप पुढे आली पाहिजे. जोडी आली की कोणता आकडा आधीच दिलाय ते बघून दुसरा सांगायचा, एवढंच उरतं.

माझ्या मुलाच्या वेळी मला हे कळलं नव्हतं. मी ७२ ÷ ८ = ९, ७२ ÷ ९ = ८ अशी सगळी वाक्यं पानांवर लिहून भिंतीवर चिकटवली होती. महिन्याभरात त्याला झाडून सगळी यायला लागली, मी खूश. दिवाळीआधी रंगकाम काढलं, कागद उतरले आणि त्यांच्याबरोबर भागाकारही उतरला. त्याला उत्तर लक्षात नव्हतं, ते भिंतीवर कुठे आहे हे लक्षात होतं. गुणाकाराशी त्याचा काही संबंध आहे हे आमच्या दोघांच्याही गावी नव्हतं.

तपासा: मुलाचे ओठ बघा. 'आठ एके' सुरू झालं की थांबवा, रागावू नका, फक्त विचारा, "छप्पन्न म्हणजे?" तेही नाही आलं तर जोडी स्वतः सांगा आणि तोच प्रश्न दोन मिनिटांनी पुन्हा विचारा. पूर्ण पाढा म्हणून मिळवलेलं उत्तर या टप्प्यात बरोबर असलं तरी मोजायचं नाही.

## टप्पा ४: त्रिकोणी कार्डं आणि पाढ्यांचा क्रम

लग्नपत्रिका कापून त्रिकोण करा. वरच्या कोपऱ्यात गुणाकाराचं उत्तर, खालच्या दोन कोपऱ्यांत दोन आकडे. ५६ वर, ७ आणि ८ खाली. अंगठ्याने वरचा कोपरा झाकला तर गुणाकार, खालचा झाकला तर भागाकार. एका कार्डात दोन गुणाकार, दोन भागाकार. ७, ७ आणि ४९ अशा कार्डात मात्र एकेकच.

एक आणि दहाचे पाढे सोडले तर दोन ते नऊच्या सगळ्या जोड्या मिळून फक्त ३६ कार्डं होतात, आणि त्यांत ६४ भागाकार मावतात. मुलाला हे मोजून दाखवा, कारण त्याच्या डोक्यात ते डोंगराएवढं असतं.

पाढे दोन, तीन, चार, पाच असे ओळीने घेऊ नका. माझा क्रम हा: दोन, पाच, तीन, चार, नऊ, सहा, आठ, सात. दोनची ८ कार्डं. मग पाचची नवीन ७, कारण पाच दुणे दहा आधीच झालेलं आहे. तीनची ६, चारची ५, नऊची ४, सहाची ३, आठची २. आणि ज्या सातच्या पाढ्याला सगळी मुलं घाबरतात तो शेवटी येतो तेव्हा त्यात नवीन कार्ड एकच उरतं: साती साती एकोणपन्नास. हे सांगितल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. एक-दोघांनी माझ्यावर विश्वास न ठेवता कार्डं उपसून तपासलंय.

नवा पाढा तीन-चार दिवस. रोज नवीन कार्डं आधी, मग जुन्यांतली दहा मिसळून. सावधान: एकाच पाढ्याचे भागाकार सलग विचारले तर मुलाला भाजक माहीतच असतो आणि ते अंदाजाने पुढे सरकतं. कार्डं पिसल्याशिवाय बसू नका.

## टप्पा ५: दोन घरांचे आकडे

दोन ते नऊच्या जोड्यांत पाच उत्तरं दोनदा येतात: १२, १६, १८, २४ आणि ३६. बारा म्हणजे दोन सक पण आणि तीन चोक पण. 'चोवीस म्हणजे?' विचारल्यावर 'तीन आठे' आणि 'चार सक' दोन्ही बरोबर. इथे मूल गोंधळतं: चोवीसला सहाने भागायला सांगितलं की तीन किंवा आठ असं काहीतरी सांगतं, कारण तोंडावर पहिली जोडी आलेली असते.

या पाचांना वेगळा एक दिवस द्या. मी लोकलचं उदाहरण देते, सगळ्यांना लगेच पटतं. बाक तिघांचा असतो. चोवीस माणसं तिघं-तिघं बसली तर बाक किती? आठ. आता प्रत्येक बाकावर एकेक जण 'जरा सरका' म्हणत चौथ्या सीटवर टेकला, तर तीच चोवीस माणसं किती बाकांवर मावली? सहा. दोन बाक मोकळे. (त्यावर "काकू, असं कधीच होत नाही" हेही ऐकायची तयारी ठेवा.)

तपासा: पाचही आकड्यांना दोन्ही जोड्या तोंडावर आल्या पाहिजेत. बत्तीस, चाळीस, बेचाळीस असे इतर आकडे मध्ये घालून 'याला एकच घर' असं मूल सांगतंय का बघा.

## मध्येच एक मोठी अडचण: त्रेसष्ट आणि छत्तीस

हा टप्पा नाही, पण याच्यामुळे चांगल्या मुलांचे गुण जातात. मराठीत एकक आधी बोललं जातं: त्रेसष्टमधला तीन आधी, साठ नंतर. ऐकून लिहिताना मूल तीन आधी लिहून टाकतं आणि ६३ चे ३६ होतात. एरवी अशी चूक लगेच कळते, कारण भाग जात नाही. पण पाढ्यांतले काही आकडे असे आहेत की उलटे लिहिले तरी तेही पाढ्यातच असतात: १२-२१, १८-८१, २४-४२, २७-७२, ३६-६३, ४५-५४. तोंडी 'त्रेसष्ट भागिले नऊ' विचारलं, मुलाने ३६ ÷ ९ लिहून ४ काढलं. भाग पूर्ण गेला, मूल निश्चिंत. आपण म्हणतो, भागाकार कच्चा. कच्चं आहे ते अंकलेखन.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा घरोघरी थट्टा झाली. मीही केली. पण या सहा जोड्यांपुरतं 'त्रेसष्ट, साठ आणि तीन' असं दोन्ही म्हणवून मग लिहायला लावलं तर चूक चार दिवसांत जाते. नाव बदलायची गरज नाही, फक्त लिहिण्याआधी एकदा फोडून म्हणायचं.

जाता जाता आणखी एक खूण. 'एकोण' लागणाऱ्या आकड्यांपैकी दहापर्यंतच्या पाढ्यांत एकोणपन्नास हा एकच येतो. मूल पाढ्यात एकोणतीस किंवा एकोणसाठ म्हणालं, तर पुढचं ऐकायच्या आधीच समजा की गाडी घसरली.

## टप्पा ६: अडलं तर आधाराच्या युक्त्या

हे शेवटी शिकवा. आधी शिकवलं तर मूल जोडी आठवायचा प्रयत्नच करत नाही.

चारने भागायचं तर निम्मं करून पुन्हा निम्मं: ३६, १८, ९. आठने भागायचं तर तीनदा: ५६, २८, १४, ७. पाचला दुप्पट करून शेवटचं शून्य काढायचं: ३५ चे ७०, म्हणून ७. सहाला आधी निम्मं, मग तीनने: ४२, २१, ७. नऊची युक्ती मुलांना फार आवडते: ९० पर्यंतच्या आकड्यात दशकाच्या अंकात एक मिळवला की उत्तर. ७२ मध्ये सात अधिक एक, आठ.

सावधान: नऊची युक्ती लावण्याआधी दोन्ही अंकांची बेरीज नऊ येते का बघायला लावा. नाहीतर ७४ ÷ ९ चंही उत्तर ते बिनदिक्कत आठ देऊन मोकळं होतं, बाकी दोनचा पत्ताच नाही.

## टप्पा ७: बाकी

छत्तीसच्या छत्तीस कार्डं पिसून विचारल्यावर पटापट येतात, तेव्हाच इकडे या. पन्नास भागिले सात. प्रश्न बदलतो: "सातच्या पाढ्यात पन्नासच्या आत, सगळ्यात जवळचा कोण?" एकोणपन्नास. म्हणून सात, बाकी एक.

दोन चुका हमखास होतात. पहिली, मूल जवळचा आकडा वरून घेतं: ५५ ÷ ८ मध्ये छप्पन्न अगदी शेजारी दिसतं, म्हणून सात लिहितं. अठ्ठेचाळीस लांब वाटतं, पण घ्यायचं तेच: सहा, बाकी सात. "खिशात पंचावन्न आहेत, छप्पन्नची वस्तू येईल का?" एवढं विचारलं की पुरतं. दुसरी चूक, बाकी भाजकाएवढी किंवा मोठी ठेवतं: ४७ ÷ ६ ला सहा, बाकी अकरा. अकरात अजून एक सहा आहे, तो बाहेर काढायला लावा.

तपासा: प्रत्येक उत्तराखाली एक ओळ: भाजक × भागाकार + बाकी = भाज्य. ६ × ७ + ५ = ४७. ही ओळ लिहायचा कंटाळा मुलांना असतोच, तरी पहिले दोन आठवडे सोडू नका. इथेही शेवटी गुणाकारच उत्तर तपासतो.

## शून्याचं काय?

कुणीतरी विचारतंच. ० ÷ ६ म्हणजे सहा गुणिले किती म्हणजे शून्य? शून्य. झालं. ६ ÷ ० म्हणजे शून्य गुणिले किती म्हणजे सहा? असा आकडाच नाही, म्हणून शून्याने भागत नाहीत. 'तसा नियम आहे' म्हणून सोडून देऊ नका. झाकलेल्या आकड्याचाच प्रश्न विचारला की मुलं स्वतः सांगतात.

## सराव टिकवायचा कसा

कार्डं रबरबँड लावून पिशवीत ठेवा. आम्ही ऐरोलीला माझ्या बहिणीकडे जातो तेव्हा ठाण्याला गाडी बदलतो. दिघा गाव ते ऐरोली एवढ्यात दहा कार्डं आरामात होतात, आणि समोरच्या सीटवरचे आजोबा पण मनातल्या मनात उत्तरं देत असतात. आठवड्यातून तीन दिवस असं झालं तरी चालतं. सलग तासभर एकदाच बसवण्यापेक्षा हे बरं.

मे महिन्यात कार्डं बंद ठेवा. जूनमध्ये पिसून दहा काढा, प्रत्येकाचा एक भागाकार विचारा. आठ किंवा जास्त आले तर पुढच्या धड्याला लागा. कमी आले तर न आलेली कार्डं बाजूला काढा, तिसऱ्या टप्प्यातले तीन प्रश्न फक्त तेवढ्यांसाठी चार दिवस घ्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा दहा काढा.